मऊ रिव्हेट

माझ्या डाव्या पायाबद्दल आमच्या घरात जितकं बोलणं झालं, तितकं माझ्याशी कधी झालं नाही. पाय माझा, पण त्याच्यावर बोलायचं अप्पांनी आणि आईनं. मी तिथंच भिंतीला टेकून शेंगा फोडत असायची, आणि दोघं अशी बोलायची की जणू पाय इथं आहे आणि मी बाहेर कुठंतरी गेलेय. शुक्रवार पेठेतल्या आमच्या त्या दोन खोल्यांत बाहेर जायला जागाच कुठं होती? मी सगळं ऐकायची, आणि मनातल्या मनात दोघांशीही भांडायची.

पोलिओ मला लहानपणीच झालेला. त्याचं मला काहीच आठवत नाही. आठवतं ते लोखंडी कॅलिपर. मांडीपासून बुटापर्यंत पायाच्या दोन्ही बाजूंनी दोन पट्ट्या, वर चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी सांधा आणि त्या सांध्यावर एक कडी. कडी खाली सारली की सांधा ताठ होतो आणि उभं राहता येतं. वर ओढली की गुडघा दुमडतो आणि बसता येतं. कडीला आई कुलूप म्हणायची. ‘कुलूप लावलंस का?’ असं तिनं ओरडून विचारलं की शेजारणीला वाटायचं, आम्ही कुठं गावाला निघालोय.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. मी मॅट्रिक झाले, गुण बरे पडले, आणि मला शिक्षिका व्हायचं होतं. डी.एड.च्या कॉलेजात अर्ज दिला. प्राचार्यबाईंनी अर्ज वाचला, मग टेबलाच्या कडेनं वाकून माझ्या बुटाकडे पाहिलं. म्हणाल्या, “गुण चांगले आहेत तुमचे. पण शिक्षिकेला दिवसभर उभं राहावं लागतं आणि आमचे वर्ग वरच्या मजल्यावर आहेत. प्रवेश बंद व्हायच्या आत एकदा या, आणि हा जिना चढून-उतरून दाखवा. कुणाचा हात न धरता. मग बघू.”

जिना मी पाहिला. दगडी, उंच पायऱ्यांचा, मध्ये एक वळण.

लोखंडी कॅलिपर मला आखूड झालं होतं आणि जड तर ते पहिल्यापासूनच होतं. सपाट रस्त्यावर मी ते ओढत न्यायची. जिन्यावर मात्र मांडीला हात घालून पाय उचलायचा, पायरीवर ठेवायचा, मग श्वास घ्यायचा आणि मग पुढची पायरी. तेही कठडा धरून. मिरजेच्या दवाखान्यात नवं कॅलिपर मिळालं असतं, पण माप देऊन मग महिनोन्महिने वाट बघायची. तोवर प्रवेश बंद. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी मला कुणी पुन्हा विचारलंच नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. वळसंगच्या माझ्या मामीनं हातानं चालवायचं शिलाई मशीन देऊ केलं होतं. ‘बसल्या बसल्या झंपर शिवंल की, पोटापुरतं भागतंय,’ असं ती म्हणाली आणि आईनं मान डोलावली होती. ती डोलावलेली मान मला दिवसरात्र दिसायची. त्या मशीनसमोर आपण म्हातारी होऊ, असं वाटून मला घाम फुटायचा. मामीचा राग नव्हता. तिच्या चांगुलपणाचीच भीती वाटत होती.

अप्पा गिरणीत जॉबर होते. त्यांच्या ताब्यातले माग बंद पडू न देणं हे त्यांचं काम. त्यांना लोखंडाचं, लाकडाचं, चामड्याचं सगळं कळायचं, माणसांचं जरा कमी. मी कॉलेजातून तोंड पाडून आले त्या संध्याकाळी त्यांनी माझं कॅलिपर हातात घेतलं, वर-खाली करून वजन पाहिलं आणि जाहीर केलं, “मी करतो. ॲल्युमिनियमचं करतो. निम्म्याच्या खाली वजन येतंय बघ.”

“जर्मनचं?” आई चुलीपासनं म्हणाली. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणत. “ह्ये पातेलं बघा. मोरीत नुसतं आपटलं तर पोचा आला. त्याच्यावर पोरीला उभी करता व्हय तुमी?”

“पातेलं पत्र्याचं हाय गं. मी पट्टी आणतो जाड.”

“मंग जाड आणा. पातळ आणू नका.”

झालं. माझ्या पायाचा निर्णय असा पातेल्यावरून लागला.

पट्ट्या भंगारबाजारात मिळाल्या, पण हव्या तेवढ्या जाड नव्हत्या. लांब दांड्यांना त्या चालणार होत्या, गुडघ्याला नाही. म्हणून अप्पांनी वेगळ्या जाड तुकड्यातून गुडघ्यासाठी चार लहान पानं कापली. नागवेलीच्या पानाएवढी, एक टोक निमुळतं, दुसऱ्याला सांध्याच्या खिळीसाठी भोक. कानस मारून मारून त्यांनी ती इतकी गुळगुळीत केली की मला ती कानात घालावीशी वाटली. आता प्रश्न एकच उरला. ही पानं पट्ट्यांना जोडायची कशी?

हा प्रश्न अप्पांनी असा काही घेतला की घरात दुसरं बोलणं बंद झालं. नट-बोल्ट लावले तर चालून चालून ढिले होतात, शिवाय परकराला अडकतात. गॅसवर वेल्डिंग करावं तर लोखंडाचं वेल्डिंग सगळे करतात, ॲल्युमिनियमचं करणारा क्वचित. वाळूच्या साच्यात पान आणि पट्टी एकत्रच ओतून घ्यावी, असं पंपाचे भाग ओतणारा एक ओळखीचा म्हणत होता. आणि रिव्हेट तर होतीच, म्हणजे आरपार भोक पाडून तारेचा तुकडा घालायचा आणि दोन्हीकडून ठोकून त्याची डोकी करायची. अप्पा जेवताना घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, “ओतीव नको. ओतीवला भरोसा न्हाय.” मग परत घास तोंडात. भरवसा नाही म्हणजे पडणार कोण, ते मला ठाऊक होतं.

वेल्डिंगवाल्याकडे आम्ही दोघं गेलो, मी सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून. मुसलमान गृहस्थ, अघळपघळ, गालात पान. त्याचं दुकान ट्रकच्या टपांनी भरलेलं. अप्पांनी पान आणि पट्टीचा तुकडा पुढे केला, तसा तो म्हणाला, “जॉबरसाब, ऐसा जोड देतूं की हाथी खडा करो उसपे.” मग माझ्याकडे बघून ओशाळला. “हाथी मतलब... बेटीकू नहीं बोल्या मैं.”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

त्यानं पट्टीवर अंगाच्या साबणाची वडी घासली आणि गॅसची ज्योत फिरवायला लागला. मला वाटलं, चेष्टा चाललीय. अप्पांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. लोखंड तापलं की लाल होतं, डोळ्याला दिसतं. ॲल्युमिनियम तापलं तरी पांढरंच्या पांढरं. काही सांगत नाही, आणि मग एकदम गळून पडतं. म्हणून साबण. साबण काळा पडला की समजायचं, धातू नरम झाला, आता जपून. अप्पांनी ते सगळं डोळे बारीक करून पाहून ठेवलं. मी मात्र ‘काही सांगत नाही आणि एकदम गळून पडतं’ हे वाक्य घेऊन घरी आले आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

नंतर परीक्षा झाली, म्हणजे तुकड्यांची. अप्पांनी तिन्ही तऱ्हांनी जोडलेले तुकडे आणून अंगणात दोन विटांवर आडवे टाकले. त्यावर आधी वरवंटा, मग पाटा, मग जात्याची तळी. ओतीव तुकडा पाट्यालाच कट् करून तुटला. तुटला तिथं आत बारीक बारीक भोकं, बाजरीच्या भाकरीसारखी. वेल्ड केलेला तुकडा तुटला नाही. जोड तर जागचा हललाही नाही. पण जोडाच्या शेजारी, जिथं ज्योत फिरली होती तिथं, पट्टी हळूहळू वाकायला लागली. आम्ही बघत होतो आणि ती आमच्यादेखत निवांत वाकत गेली. रिव्हेटवाला तुकडा तेवढा सरळ राहिला.

“बघ!” अप्पा आईला म्हणाले. “रिव्हेट.”

“पाटा उचला आधी,” आई म्हणाली. “मला चटणी वाटायची हाय.”

मला मात्र हायसं वाटलं नाही. जात्याची तळी गप बसून राहते. मी गप बसून राहणार नव्हते, मी जिना चढणार होते. पण हे कुणाला सांगायचं? अप्पा इतके खूश होते की माझी शंका म्हणजे त्यांच्या हाताला नावं ठेवणं झालं असतं.

कॅलिपर तयार व्हायला लागलं. गिरणीतून आले की अप्पा ओट्यावर बसत, मांडीशी ऐरणीचा लहान ठोकळा, आणि ठक ठक सुरू. एका पानाला दोन रिव्हेट. तार कापायची, घालायची, ठोकायची. तो आवाज माझ्या दातांत जायचा. एकदा ते चुलीपाशी आले, एका रिव्हेटच्या तुकड्याला साबण फासला आणि चिमट्यात धरून विस्तवावर धरला. जळक्या साबणाचा वास घरभर झाला.

“ह्ये कशाला?” मी विचारलं.

“मऊ करतोय.”

“मऊ कशाला?”

“तुला न्हाय कळायचं त्यातलं. मागाचं असतंय ते.”

त्यांनी बोटानं तुकडा दाबून पाहिला, समाधानानं मान हलवली आणि ओट्यावर गेले.

नवं कॅलिपर पायात घातलं तेव्हा मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. पाय माझ्याबरोबर आला. उचलावा लागला नाही, ओढावा लागला नाही. मी खोलीत इकडून तिकडे नुसती चालत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला आणि नंतर लगेच म्हणाली, “आवाज येतोय का कुटं? नीट ऐक.” म्हणजे भीती तिलाही होतीच. मी एकेका पावलाला कान लावून चालायची. चामडं करकरलं तरी थबकायची.

आता जिन्याचा सराव. आमच्या घराला जिना नव्हता. समोर तेलुगू बोलणारं विणकरांचं घर होतं, खाली हातमाग आणि वर माडी. तिथल्या काकूंनी स्वतःहून सांगितलं, “आमच्या माडीवर ये की. लाकडाचा जिना हाय, पण पक्का हाय.” त्यांनी पायऱ्यांवरची सुताची बंडलं उचलून वाट मोकळी केली. पहिल्या दिवशी मी चढले. दुसऱ्या दिवशी चढले आणि उतरले. काकू खाली उभ्या राहून तेलुगूत काहीतरी पुटपुटायच्या, बहुतेक देवाचं. तिसऱ्या खेपेला अप्पा बघायला आले.

मी वर चढले. वळले. उतरताना चौथ्या का पाचव्या पायरीवर डावा पाय टेकला, अंगाचा भार त्यावर आला, आणि टक् असा बारीक आवाज झाला. बस, एवढाच. त्याच क्षणी गुडघ्यापाशी पट्टी कात्रीच्या पात्यासारखी फिरली आणि पायाखाली काहीच उरलं नाही. मी धडधडत खाली आले. खांदा भिंतीवर, हनुवटी पायरीवर. तोंडात रक्ताची चव आली. काकू ओरडल्या, मागावरचा माणूस थांबला.

अप्पा धावत आले. ते माझ्यापाशी उकिडवे बसले, दोन्ही हातांनी कॅलिपर धरलं, पट्टीवरून अंगठा फिरवला, पान उलटून पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून निघालं, “पट्टी वाचली! बघ, पट्टीला काय झालं न्हाय. नुसती रिव्हेट गेली.”

ते चक्क खूश होते. मी हनुवटी धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

आरडाओरडा ऐकून आई आली होती. दारातूनच तिनं हे ऐकलं. ती आवाज न चढवता म्हणाली, “पोरगी माग हाय व्हय तुमचा?”

अप्पांचे हात तिथंच थांबले.

मग मला कळलं, त्यांनी काय केलं होतं ते. मागात आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे फेकणारी दांडी असते, तिला चामड्याची वादी असते. धोटा कुठं अडकला, काही हिसका बसला, की आधी ती वादी तुटते. ती तुटावी म्हणूनच असते. वादी दुसरी लावता येते. दांडी मोडली, माग मोडला तर काम बंद. अप्पांची सगळी उमर त्यात गेली होती. काहीतरी तुटायचंच, तर ते आपण ठरवलेल्या जागी तुटावं, सोपं आणि स्वस्त तुटावं, आणि यंत्र वाचावं. त्यांनी माझ्या गुडघ्याला तेच केलं. दोन रिव्हेटांतली एक मुद्दाम मऊ ठेवली, म्हणजे हिसका बसला तर ती जाईल आणि मेहनतीनं केलेली पट्टी आणि पान शाबूत राहील. हुशारीच होती ती. फक्त एक रिव्हेट तुटली की पट्टी दुसरीभोवती फिरते आणि वर एक मुलगी उभी असते, एवढं त्यांच्या डोक्यात आलं नाही. मागावर कुणी उभं नसतं.

मला राग आला, फार राग आला. हनुवटीला टाका पडला त्यापेक्षा ‘पट्टी वाचली’ हे शब्द जास्त दुखले. घरी आल्यावर मी त्यांच्याशी बोललेच नाही. पण संध्याकाळी ते ओट्यावर नुसतेच बसलेले दिसले. हातोडी शेजारी, कॅलिपर मांडीवर, हात रिकामे. गिरणीत कुणाचाही माग अडला तर ज्यांना बोलावत, त्या माणसाला आता एक तार कापायची भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. प्रवेशाची मुदत जवळ येत होती. माझा राग कधी गेला आणि त्याची जागा भीतीनं कधी घेतली, मला कळलं नाही. हा माणूस आता काहीच करणार नाही, आणि मामीचं मशीन येणार.

मी जाऊन त्यांच्याजवळ बसले.

“अप्पा, काय ठरवलं?”

“वेल्डिंगच करून घ्यावं म्हणतो. न्हायतर रिव्हेट आणि वरनं वेल्डिंग. न्हायतर नट-बोल्ट पण घालू.” ते भराभर बोलत होते, माझ्याकडे न बघता. “न्हायतर लोखंडीच बरं. मला काय सुचंना झालंय बघ. तूच सांग.”

तूच सांग! इतक्या वर्षांत माझ्या पायाबद्दल मला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. आठवत राहिला तो टक् आवाज. आणि अंगणातला तो वेल्ड केलेला तुकडा, आमच्यादेखत निवांत वाकत गेलेला.

“एकदम जाणारं नको मला,” मी म्हणाले. “तुटणारं नकोच. जायचंच असंल तर वाकू दे. हळूहळू वाकू दे. म्हणजे मला आधी कळंल, मी कठडा धरीन, खाली बसीन. पट्टी गेली तरी चालंल.”

“पट्टी वाकली म्हंजे वाया गेली की.”

“जाऊ दे वाया.”

ते माझ्याकडे बघत राहिले. जॉबरच्या डोक्यात ही गोष्ट उतरायला वेळ लागला, कारण ती त्यांच्या सगळ्या शिकण्याच्या उलट होती. मग त्यांनी पान उचललं आणि नखानं त्यावर रेघ ओढली. पान आखूड आहे, म्हणाले. लांब करू, पट्टीवर चांगलं वीतभर चढवू. दोन रिव्हेटच्या जागी भरपूर घालू, एका ओळीत नाही, आडव्यातिडव्या, सगळ्या कडक. मग जोड काही सुटत नाही. भार फारच आला तर मधली पट्टी वाकेल. वेल्डिंग नको, त्यानं पट्टी आधीच नरम पडते आणि रोजच वाकेल.

“वजन वाढंल जरा,” ते घाबरत म्हणाले.

“वाढू दे.”

त्यांनी नवी पानं कापली. प्रत्येक रिव्हेट ठोकून झाली की मला हाक मारायचे, आणि मी नखानं डोकं चाचपून ‘घट्ट हाय’ म्हटल्याशिवाय पुढची घालायचे नाहीत. मला त्यातलं काय कळत होतं? पण मी म्हणत होते.

सरावाला दिवस उरलेच नाहीत. काकूंच्या जिन्यावर मी एकदाच चढून उतरले. कॉलेजला जायच्या सकाळी आईनं मला दहीभात दिला आणि मी तो मोरीत ओकले. हनुवटीवरची मलमपट्टी मी काढून टाकली, कारण प्राचार्यबाईंनी ‘हे काय झालं’ विचारलं तर काय सांगणार? टाका मात्र झाकता येण्यासारखा नव्हता.

अप्पा रजा काढून आले. जिन्याच्या तळाशी प्राचार्यबाई उभ्या होत्या, हातात चष्मा. म्हणाल्या, “सावकाश. घाई नाही.” त्यांनी हनुवटीकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही.

मी चढायला लागले. निरोगी पाय, मग डावा. निरोगी, मग डावा. कठड्यापासून हात दूर धरला होता, म्हणजे चुकूनही लागू नये. वळणापर्यंत सगळं ठीक. वळणानंतर दुसऱ्या पायरीला बुटाचं टोक अडकलं. मी तोल सावरला, पण सगळं अंग तिरपं त्या पायावर आलं. आवाज झाला नाही. बाहेरची पट्टी मांडीच्या बाजूला सरकल्यासारखी वाटली. चामड्याचा पट्टा एका अंगानं दाबायला लागला. ती वाकत होती.

मी थांबले. घामानं ब्लाऊज पाठीला चिकटला. कठडा हाताच्या अंतरावर होता. धरला असता तर कुणी मला दोष दिला नसता आणि कुणी प्रवेशही दिला नसता. मी भार सरळ केला. वाकणं थांबलं. पट्टी जितकी वाकायची तितकी वाकून राहिली. मी पुढची पायरी घेतली, मग पुढची. वर पोचले.

वळून खाली पाहिलं. अप्पांनी ओळखलं होतं. खालून, एवढ्या अंतरावरून, त्यांच्या डोळ्याला ती पट्टी वाकडी दिसली होती. चेहरा पांढराफटक. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर सगळं संपलं असतं. पण ते जिना चढून वळणापर्यंत आले आणि दोन्ही हात जरा पुढे करून माझ्या वाटेत उभे राहिले.

“तुम्ही बाजूला व्हा,” प्राचार्यबाई म्हणाल्या. “तिला एकटीला येऊ दे.”

अप्पा हलले नाहीत. त्यांना ऐकूच गेलं नसावं. ते माझ्या गुडघ्याकडे बघत होते, त्यांच्या हातच्या त्या सगळ्या रिव्हेटांकडे.

मला त्यांची दया आली आणि स्वतःसाठी भीतीही वाटली. खाली तो माणूस उभा होता म्हणून मला धीर होता, हेही खरं. पण तो उभा असेपर्यंत मी उतरले असं कुणी म्हणणार नव्हतं.

“अप्पा,” मी म्हणाले, “सरका की.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग ते सरकले. भिंतीला पाठ लावली, हात मागे घेतले आणि डोळे मिटले.

मी उतरले. वाकडी पट्टी घेऊन, प्रत्येक पायरीला भार सरळ ठेवत, वळणावरून त्यांच्या अगदी जवळून गेले. त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला, पण मी थांबले नाही. तळाशी पोचले तेव्हा प्राचार्यबाईंनी चष्मा घातला आणि म्हणाल्या, “या, आत या. सही करून टाका.” मी हो म्हणाले, पण आधी वर पाहिलं. अप्पा अजून तसेच भिंतीला टेकून, डोळे गच्च मिटून उभे होते.

“अप्पा,” मी खालून हाक मारली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. तसंच विचारलं, “उतरलीस?”